जूनमधले दोन पेरे

२७ ऑगस्ट २०२५, गणेश चतुर्थी. त्या दिवशी अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीहून मनोज जरांगे पाटलांचा ताफा मराठा आरक्षणासाठी उपोषण करायला मुंबईकडे निघाला आणि त्याच दिवशी भारतीय मालावर अमेरिकेचे ५० टक्के आयातशुल्क लागू झाले. दुसऱ्या दिवशी दिल्लीने कापसावरची आयातशुल्क माफी ३१ डिसेंबरपर्यंत लांबवली. पहिली बातमी दिवसभर टीव्हीवर होती, बाकीच्या दोन अर्थपानावर गेल्या. मी व्यापाराचे अर्थशास्त्र शिकवते. मला तिन्ही बातम्या एकाच घरातल्या वाटल्या.

कापसावर २०२१ पासून ११ टक्के शुल्क होते. अमेरिकेच्या शुल्काचा फटका बसणाऱ्या गिरण्यांना स्वस्त रुई मिळावी म्हणून १९ ऑगस्टला ते काढले. परदेशी गाठ स्वस्त झाली की रुईचा खंडीमागचा भाव उतरतो. मग जिनिंगवाला कापसाला कमी बोलतो, आणि खेडा खरेदीचा व्यापारी त्याहून कमी. लांब धाग्याला ८,११० रुपये हमीभाव जाहीर होता खरा. पण त्यासाठी सीसीआयचे, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाचे, खरेदी केंद्र उघडावे लागते, कापसातला ओलावा नियमात बसावा लागतो. दिवाळीला पैसे हवे असलेला माणूस तोवर थांबत नाही. त्यात सप्टेंबरच्या अतिवृष्टीने मराठवाड्यात उभी पिके कुजवली.

जूनमध्ये इथले घर दोन पेरे करते. एक रानात, दुसरा मुलाच्या कॉलेज प्रवेशाचा. दोन्हींचा खर्च आधी होतो, आणि भाव मागाहून कळतो.

व्यापार बदलला की मुलांच्या शिक्षणाचे काय होते, या प्रश्नाकडे आमच्या शास्त्रात बहुधा नोकरीच्या बाजूने पाहतात. डेव्हिड ॲटकिन यांनी मेक्सिकोत दाखवले, की निर्यातीच्या कारखान्यांत दर पंचवीस नव्या नोकऱ्यांमागे एक मूल नववीनंतर शाळा सोडते. हातात लगेच पगार दिसतो ना! आपल्याकडचे उदाहरण दादरचे. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी तिथल्या शाळांचा वीस वर्षांचा हिशेब मांडला. नव्वदच्या दशकात इंग्रजीचा मोबदला वाढला, तरी कष्टकरी जातींतले मुलगे मराठी शाळांतच जात राहिले, कारण जातभाईंच्या ओळखीने कामाला लागण्याची वाट त्यांच्यासाठी आधीपासून होती. मुलींना तशी वाट नव्हतीच. त्या इंग्रजीकडे वळल्या आणि पुढे गेल्या. हा अभ्यास मी वर्गात दरवर्षी सांगते. मुली हसतात, मुले वहीत पाहतात.

अंतरवालीत मात्र निर्यातीचा कारखाना नाही आणि कॉल सेंटरही नाही. इथे व्यापार शाळेत शिरतो तो बापाच्या खिशातून. एडमंड्स, पाव्हच्निक आणि टोपालोव्हा यांनी १९९१ च्या शुल्ककपातीनंतरचा ग्रामीण भारत तपासला. ज्या जिल्ह्यांतल्या पिकांचे आणि उद्योगांचे संरक्षण जास्त गेले, तिथे गरिबी इतरांपेक्षा कमी घटली आणि शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाणही कमी वाढले. मुलांना मजुरीची ओढ लागली, एवढ्याने त्याचा उलगडा होत नाही. शिक्षणाचा खर्च वाचवणे हे त्यातले मोठे कारण होते.

तो खर्च म्हणजे केवळ फी नव्हे. व्यावसायिक अभ्यासक्रमांत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचे शुल्क महाराष्ट्राने २०२४ मध्ये माफ केले, आणि ते चांगलेच झाले. पण छत्रपती संभाजीनगरात कॉट बेसिसवर राहायचे भाडे, मेसचा डबा, अभ्यासिकेचे महिन्याचे पैसे यांना माफी नाही. हे कापसातूनच जातात. आणि कॉटवर बसून मुलगा अभ्यास करतो तो बहुधा सरकारी भरतीचा, कारण जिथे शिक्षणाचा मोबदला पावसावर आणि न्यूयॉर्कच्या कापूस वायद्यावर हलत नाही, अशी दुसरी जागा त्याला दिसत नाही. आरक्षण कोणाला असावे, हा माझा विषय नाही. मागणी एवढी तीव्र का होते, याचा थोडा भाग मात्र माझ्या विषयात येतो.

२ सप्टेंबरला मराठा आरक्षणाबाबत हैदराबाद गॅझेटियरचा शासन निर्णय निघाला, जरांगेंचे उपोषण सुटले. कापसावरचे शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत शून्यच होते. तोवर पहिल्या वेचण्या विकून झालेल्या असतात, आणि जानेवारीत दुसऱ्या सत्राचे पैसे भरायचे असतात.