उंदराचे पॉइंट

खेळ सुरू व्हायच्या आधीच दोन तास जातात आणि त्या दोन तासांतच खरी मजा येते, असे गेम आता फारसे निघत नाहीत. 'आइसविंड डेल' हा त्यातला. ब्लॅक आयल स्टुडिओजने २००० साली काढलेला. बायोवेअरने १९९८ साली ज्या इन्फिनिटी एंजिनवर 'बॉल्डर्स गेट' बनवला, त्याच एंजिनवर हाही चालतो. वरून तिरकं दिसणारं जग, स्पेसबार दाबला की सगळं जागच्या जागी थांबतं, मग प्रत्येकाला हुकूम सोडायचे, परत स्पेसबार.

बॉल्डर्स गेटमध्ये तुम्ही एकच नायक बनवता. बाकीची मंडळी वाटेत भेटतात आणि येताना आपापले स्वभाव, कुरबुरी, जुनी भांडणं घेऊनच येतात. नायक मेला की खेळ खलास. आइसविंड डेलमध्ये सहाच्या सहा माणसं तुम्हीच बनवायची. नायक वगैरे कोणी नाही. पाच जण आडवे झाले आणि सहावा लंगडत देवळापर्यंत पोचला, तरी पैसे मोजून बाकीच्यांना उठवता येतं. आणि हे सहाही जण जवळजवळ मुके. लढाईत ठरलेली चार-दोन वाक्यं ओरडतील तेवढंच. म्हणून बरेच लोक म्हणतात, यात गोष्ट नाही, नुसती हाणामारी. मला हे अजिबात पटत नाही. बडबड्या सोबत्यांची गोष्ट कोणीतरी आधीच लिहून ठेवलेली असते. मुक्यांची आपल्यादेखत घडते.

ही पद्धत तशी जुनीच. १९८१ सालच्या 'विझर्ड्री'मध्येही सहा जणांची टोळी स्वतः बनवून तळघरात उतरायचं होतं. तिथे मेलेल्याला उठवायचा प्रयत्न फसला तर त्याची राख व्हायची, आणि राखेवरचाही प्रयत्न फसला तर माणूस कायमचा गेला. आइसविंड डेल त्यामानाने दयाळू.

तर ते दोन तास. वंश निवडा, पेशा निवडा, मग फासे. ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण, छाप, असे सहा आकडे पडतात. नाही आवडले तर 'री-रोल'. (स्थळं बघताना असं बटण असतं तर एकाही कार्यालयाला तारीख मिळाली नसती!) मूळ कागदी नियमात तीन फाशांवर १८ पडायची शक्यता २१६ मध्ये एक. वर लढवय्याची ताकद १८ असली तर शंभराचा आणखी एक फासा, म्हणजे १८/०० ही सर्वोच्च ताकद २१,६०० मध्ये एकदा. गेममध्ये पॉइंट इकडचे तिकडे फिरवता येतात म्हणून १८ गाठणं सोपं, पण तो शंभराचा फासा फिरवता येत नाही. त्यासाठी माणसं अर्धी रात्र री-रोल दाबत बसतात. मी माझ्या धोंडूला १८/९१ वर थांबवलं, तेही बोट दुखायला लागलं म्हणून.

२०२२ च्या पावसाळ्यात आम्ही कॉलेजचे चार मित्र हा खेळ एकत्र खेळायला लागलो. २०१४ साली बीमडॉगने त्याची सुधारित आवृत्ती काढली, ती नव्या मशीनवर चालते आणि सहा पात्रं वेगवेगळ्या खेळाडूंना वाटून देता येतात. शनिवारी रात्री दहा वाजता. मी पुण्यात, एक जण बंगळूरला, एक हैदराबादला आणि एक टोरांटोला, त्याची तिथे दुपारच्या जेवणाची वेळ, त्यामुळे हेडफोनमध्ये कायम चावल्याचा आवाज. धोंडू आणि कोंडू हे दोन लढवय्ये माझे. टोरांटोकडे भटजी आणि मास्तर, म्हणजे पुजारी आणि जादूगार. (मास्तरला सुरुवातीला दिवसातून एकच मंत्र येतो, मग झोपावं लागतं. आमच्या हापिसातले आर्किटेक्ट आठवले.) बंगळूरकराचा शाहीर. आणि हैदराबादचा आमचा चोर, बुटक्या हाफलिंग जातीचा. नाव उंदीर.

उंदराच्या मालकाने री-रोल दाबलंच नाही. पहिल्यांदा जे पडलं ते घेतलं. शहाणपण ७. आम्ही तिघांनी डोक्याला हात लावला. तो म्हणाला, "मला कोणी विचारलं होतं का जन्माला येताना?" तो व्यवसायाने टेस्टर. गेल्या दहा वर्षांत दुसऱ्यांनी लावलेले सापळे शोधण्याचाच पगार घेतलेला माणूस, त्यामुळे चोर कोणी व्हायचं हा प्रश्नच आला नाही. पात्राच्या पानावर चरित्र लिहायला जागा असते, तिथे त्याने लिहिलं: लहानपणापासून कुलपं आवडतात. चोरी करत नाही, फक्त उघडून बघतो.

ईस्टहेवन गावातून निघालो. पहिल्याच मोठ्या मोहिमेवर खिंडीत हिमकडा कोसळतो आणि बरोबरची सगळी माणसं गाडली जातात, उरतो फक्त आपण सहा. मग कुल्डाहार. चहूकडे बर्फ आणि एका अवाढव्य ओक झाडाच्या उबेमुळे तेवढं एक गाव जगलेलं. तिथून पुढे थडग्यांची दरी. इथे चोर नसला तर काय होतं ते कळतं. उंदीर पुढे, सावलीतून सरकत, बाकी पाच जण मागे श्वास रोखून. तो हेडफोनमध्ये फक्त "थांबा" म्हणायचा. एकदा कोंडू थांबला नाही. पुढचा मजकूर देवळाच्या बिलात.

२०२३ च्या सुरुवातीला आयटीत काय चाललं होतं ते तुम्हाला सांगायला नको. हैदराबादच्या गड्याला एका गुरुवारी मेल आली आणि दुपारपर्यंत लॅपटॉप लॉक. त्या शनिवारी तो आला, नेहमीसारखा खेळला, आम्हाला काही बोलला नाही. बातमी दुसरीकडून कळली. पुढच्या शनिवारपासून आला नाही. फोन उचलेना, मेसेजला अंगठा फक्त. सगळ्यांनी आपापल्या ओळखी लावून पाहिल्या, त्याचा सीव्ही फिरवला. पण अशा वेळी माणसाला मित्रांचं प्रेमसुद्धा चौकशीसारखं लागतं.

उंदराचं काय करायचं हा प्रश्न आला. यजमान मी, म्हणून त्याचा ताबा माझ्याकडे घेता आला. म्हणजे मी हलवला तर तो हलणार. टोरांटोचा मुद्दा सरळ होता: मारामारीचे अनुभवगुण टोळीत समान वाटले जातात, सहाऐवजी पाच झालो तर प्रत्येकाला जास्त. भटजीकडे सापळे शोधायचा मंत्र आहेच. उंदराला गावात ठेवू, परत आला तर घेऊ. गणित चूक नव्हतं. त्याच्या बोलण्यात दुष्टपणाही नव्हता, तो स्वतः दोन वेळा अशाच मेलमधून गेलेला. "त्याच्या नावाने बाहुली नाचवत बसणं मला बघवत नाही," असं तो म्हणाला. बंगळूरकर म्हणाला, मग मी पण नाही खेळत. पहिल्यांदाच त्या कॉलवर कोणी काही चावत नव्हतं.

एंजिनचा एक नियम आहे. एका भागातून दुसऱ्या भागात जाताना सगळी टोळी एकत्र जमली पाहिजे, नाहीतर पुढे सोडतच नाही. लहानपणी या नियमाने फार डोकं उठायचं. कोणीतरी मागे कोपऱ्यात अडकलेला असायचा आणि त्याला आणायला परत जावं लागायचं. त्या दिवशी शाहिराच्या मालकाने तोच नियम टोरांटोच्या तोंडावर मारला. उंदीर राहिला.

पण त्याची पातळी वाढली तेव्हा खरी पंचाईत. अनुभवगुण पुरेसे झाले की 'लेव्हल अप'चं बटण उजळतं. ते दाबलं की चोराचे पॉइंट वाटावे लागतात: कुलपं, सापळे, खिसे, लपणं. धोंडू-कोंडूला काय, दाबलं आणि झालं. उंदराचं मात्र कोणी दाबेना. उंदीर चालवणं वेगळं आणि तो काय होणार हे ठरवणं वेगळं, असं काहीतरी आमच्यात न बोलता ठरलं. टोरांटोनेही आग्रह केला नाही.

याची किंमत होती बरं का. आम्ही पुढे जात होतो, शत्रू दांडगे होत होते आणि उंदीर जुन्याच पातळीवर, जुन्याच मूठभर प्राणांनिशी. सापळे निम्मे त्याला दिसेनात. भटजी मंत्र म्हणायचा, धोंडू अंगावर घ्यायचा. एका ज्वालामुखीच्या पोटात पाच मजले आहेत, तिथे आम्ही महिना काढला. उंदराला सगळ्यात मागे, शाहिराच्या आड. पडक्या एल्फ-किल्ल्यात पोचलो तेव्हा त्याच्या तीन पातळ्या न दाबलेल्या साठल्या होत्या. (त्या किल्ल्याची गोष्टही अशीच: शत्रूच्या हातात आपल्या मित्रांनी घडवलेली शस्त्रं दिसली आणि एल्फांनी मित्रांना न विचारताच दोस्ती मोडली.)

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी साडेदहाला यादीत चौथं नाव आलं. माइक बंद. कोणी "अरे!" वगैरे केलं नाही, बंगळूरकर काहीतरी म्हणायला लागला होता, तो मध्येच थांबला. मी उंदराचा ताबा त्याला दिला. बराच वेळ उंदीर जागचा हलला नाही. पान उघडून बघत असणार. चरित्र तसंच, पॉइंट तसेच.

मग खाली अक्षरं उमटली: "तीन लेव्हल? गाढवांनो, मेलो असतो की."

आणि मिनिटभराने: "कुलपांना किती टाकू?"

टोरांटोने तोंडातला घास गिळला आणि म्हणाला, "सापळ्यांना टाक आधी. भटजी दमलाय."