लेपाखालचा खडू

मंडळी, उभं आयुष्य फळ्यावर खडू घासण्यात गेलं. निवृत्तीनंतर होडी घासायची वेळ येईल असं मात्र वाटलं नव्हतं!

मालवणला आमच्या शेजारी एक तांडेल राहतात, साधारण माझ्याच वयाचे. त्यांची जुनी लाकडी होडी जाऊन आता फायबरची आली आहे. मुलगा तिच्यातून पर्यटकांना फिरवतो. हा मुलगा माझा विद्यार्थी, आता चाळिशी उलटलेला. मध्यंतरी तो गोव्यात हौशी लोकांच्या बोटी चकचकीत करण्याच्या कामावर होता. तिथून येताना त्याने एक इवलीशी बाटली आणली आणि म्हणाला, "गुरुजी, ह्या सिरॅमिक कोटिंग."

मला वाटलं, चिनीमातीचा काहीतरी प्रकार असावा. तसं नाही. वाळूत जे सिलिका असतं, त्याच जातीच्या रसायनाचा हा पातळ द्रव. पुसून लावला की पृष्ठभागाला घट्ट चिकटतो आणि डोळ्याला न दिसणारा, काचेसारखा कडक थर तयार होतो. पाणी त्यावर अळूच्या पानावरच्यासारखं थेंब होऊन घरंगळतं. मीठ, पक्ष्यांची घाण वगैरे साध्या धुण्याने निघते आणि उन्हाचा माराही थोडा सौम्य होतो. मेण काही महिन्यांत उतरतं. हा थर नीट बसला तर वर्ष-दोन वर्षं टिकतो.

नीट बसला तर! त्या मे महिन्यात त्याने भर दुपारी, तापलेल्या होडीवर, घाईघाईने बाटली रिकामी केली. पाऊस तोंडावर आला होता. महिन्याभरातच होडीवर कोड फुटल्यासारखे पांढरे चट्टे उठले. तांडेलांनी एकदा हात फिरवला आणि मुलाला म्हणाले, "मळ तसोच रवलो तर वरसून सोन्याचो मुलामो दिलस तरी उपेग नाय."

त्यांना त्या बाटलीतलं काही ठाऊक नाही. पण लाकडी होडी दर पावसाळ्याआधी वर ओढायची, खरवडायची, फटींत कापूस ठोकायचा, मोरीच्या यकृताचं तेल चोळायचं, हे सगळं त्यांनी हाताने केलेलं. खरवडणं आधी, तेल नंतर. क्रम चुकला की सगळंच चुकलं.

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली तेव्हा मुलगा नवी बाटली घेऊन माझ्याकडे आला. सोबतचा इंग्रजी कागद वाचून द्या म्हणाला. मी मराठी माध्यमाचा बी.ए. शब्दकोश घेऊन बसलो. 'क्युअर' शब्दापाशी अडलो. कोशात रोग बरा करणे असा अर्थ, शिवाय मासे खारवून सुकवणे असाही! शेवटी उमगलं, लेप सुकून पक्का होण्यालाच ते क्युअर म्हणतात. दुसरा शब्द 'चॉकिंग'. फायबरच्या होडीवर जेलकोट नावाचा चकचकीत बाह्य थर असतो. उन्हाने तो वर्षानुवर्षं जळत जातो आणि त्याची पांढरी भुकटी हाताला लागते, अगदी खडूसारखी. पहिल्या वेळी लेप होडीला चिकटलाच नव्हता, तो त्या भुकटीला चिकटला होता.

मी सगळं स्वच्छ मराठीत, क्रमांक घालून लिहून काढलं. गोड्या पाण्याने आणि साबणाने धुणे. पॉलिशने घासून भुकटी पूर्ण काढणे. पण बेताने, कारण जेलकोट जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड आणि दर घासणीला थोडा झिजतो. मग पॉलिशचा तेलकटपणा स्पिरिटने पुसणे. सावलीत, हात-दीड हाताच्या चौकटीत लेप लावणे आणि इंद्रधनुष्यासारखी झाक दिसली की मऊ फडक्याने लगेच पुसणे. निदान एक दिवस पाणी लागू न देणे. शेवटी ठळक अक्षरांत: पाण्याखालच्या भागाला हा लेप नको. तिथे शिंपले-बार्नेकल चिकटू नयेत म्हणून तांब्याचा वेगळा रंग लागतो. पूर्वी त्यासाठी टीबीटी नावाचं विष रंगात घालत. त्याने कालवांची कवचंच वेडीवाकडी होऊ लागली, तेव्हा फ्रान्सने १९८२ मध्ये लहान बोटींवर ते बंद केलं आणि २००८ पासून जगभर बंदी आली.

कागद त्याच्या हातात दिला. त्याने तो थोडा वेळ निरखला, घडी घातली, पुन्हा उघडला. मग खाली बघत म्हणाला, "गुरुजी, तुमीच वाचा. माका अक्षरां वळखूक येतत, पण जुळनत नाय."

मंडळी, आठवीत हा माझ्याच वर्गात होता. वाचताना अडखळायचा हे मला माहीत होतं. निकाल चांगला दिसावा म्हणून मी गुण वाढवून त्याला पुढे ढकललं होतं. वर्गातली सगळी मुलं पास झाल्याचं कौतुक झालं, मीही ते मान खाली न घालता घेतलं. त्याने वर्षानुवर्षं कुणाला कळू दिलं नाही, आणि मीही कधी त्याला जवळ बसवून वाचून घेतलं नाही.

मी मोठ्याने वाचलं. त्याने ते एकदाच ऐकलं आणि तंतोतंत लक्षात ठेवलं. वाचता न येणाऱ्याला स्मरणशक्तीच कामाला लावावी लागते, हेही मला तेव्हा कळलं. पुढचे तीन दिवस आम्ही दोघांनी होडी घासली. मी एक बाजूसुद्धा पुरी केली नाही, खांदे भरून आले. तांडेल मधूनमधून येऊन तळहात फिरवत आणि हात दाखवत. पांढरा दिसला की आम्ही पुन्हा सुरू. तिसऱ्या संध्याकाळी तो हात कोरा निघाला. मगच बाटली उघडली.

त्यानंतर तो चार संध्याकाळी माझ्याकडे वर्तमानपत्र घेऊन बसला. जोडाक्षरांशी अडला की हसायचा, मी मात्र हसलो नाही. पाचव्या दिवसापासून पर्यटकांची गर्दी वाढली आणि येणं थांबलं. मीही आग्रह केला नाही, कारण आता घाई करायची नाही एवढं तरी शिकलो आहे. ओसरीवर दुसरी खुर्ची रोज टाकून ठेवतो.

होडीवर अजून पाण्याचे थेंब गोल होऊन घरंगळतात. परवा सहज हात फिरवला. कोरा निघाला.