खेळणारा आणि शिकवणारा

१ ऑगस्ट २०२५ रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने खालिद जमील यांची भारतीय पुरुष संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी नेमणूक केली. या पदासाठी १७० अर्ज आले होते. शेवटच्या तिघांत इंग्लंडचे स्टीफन कॉन्स्टंटाइन आणि स्लोव्हाकियाचे स्टेफान टार्कोविच असे दोन परदेशी प्रशिक्षक होते. निवड झाली ती मुंबईच्या मैदानांवर घडलेल्या माणसाची. गोव्याचे साव्हिओ मेदेरा २०१२ मध्ये या पदावरून गेले, त्यानंतर तेरा वर्षे आपल्या संघाला भारतीय प्रशिक्षक मिळाला नव्हता. आधी नेदरलँड्सचे विम कूवरमन्स आले, मग कॉन्स्टंटाइन, मग क्रोएशियाचे इगोर स्टिमाच आणि शेवटी स्पेनचे मानोलो मार्केझ.

मी मीरा रोडच्या एका शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. माझ्या वर्गातल्या मुलांना मेस्सी, रोनाल्डो आणि सलाह कोणत्या क्लबातून कोणत्या क्लबात गेले हे पाठ असते. खालिद जमील हे नाव मात्र मी फळ्यावर लिहिले तेव्हा दोघा-तिघांनाच ओळखीचे वाटले. म्हणून त्यांची वाटचाल थोडी सविस्तर सांगावीशी वाटते. फुटबॉलची आवड हे एक कारण आहेच, पण त्याहून मोठे कारण असे की पालकसभेत मला नेहमी विचारला जाणारा एक प्रश्न या वाटचालीत दडलेला आहे. "मॅडम, खेळून पुढे काय?"

खालिद यांचा जन्म २१ एप्रिल १९७७ रोजी कुवेतमध्ये भारतीय कुटुंबात झाला. आखाती युद्धाच्या काळात अनेक भारतीय कुटुंबांना तिथला संसार गुंडाळून परतावे लागले, त्यांतच हे कुटुंबही होते. ज्या वयात मुले दहावीच्या तयारीला लागतात, त्या वयात खालिद मुंबईत नव्याने सुरुवात करत होते. १९९७ मध्ये ते महिंद्रा युनायटेडकडून खेळू लागले, नंतर एअर इंडियाकडे गेले, २००२ मध्ये पुन्हा महिंद्रात आले. मधल्या फळीत खेळणारे खेळाडू. भारतीय संघातही त्यांची निवड झाली. कोलकात्याच्या ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या दोन्ही बड्या क्लबांकडून त्यांना बोलावणे आले होते, पण त्या वेळी दोन्हीकडे मद्य कंपन्यांचे प्रायोजकत्व असल्याने त्यांनी नकार दिला, असे त्यांच्याविषयी अनेकदा छापून आले आहे. त्यांनी स्वतः या गोष्टीचा कधी डंका पिटला नाही. मुळातच ते कमी बोलणारे. पत्रकारांच्या लांबलचक प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देऊन मोकळे होतात.

दुखापतींनी त्यांची पाठ सोडली नाही. २००७ मध्ये ते मुंबई एफसीत आले तेव्हा खेळाडू म्हणून त्यांचे दिवस भरत आले होते. २००९ मध्ये त्यांनी बूट उतरवले आणि त्याच क्लबाने त्यांच्याकडे संघ सोपवला. वय होते बत्तीस. काल ज्यांच्यासोबत एका खोलीत कपडे बदलले, आज त्यांनाच "तू बाहेर बस" असे सांगायचे. हे वाटते तितके सोपे नाही. वर्गातला एखादा मुलगा मॉनिटर झाला की दुसऱ्याच दिवशी मित्रांशी त्याचे काय होते, ते आम्ही शिक्षक रोज पाहतो.

मुंबई एफसी हा श्रीमंत क्लब नव्हता. मोठ्या क्लबांनी न घेतलेले खेळाडू तिथे येत. कुपरेजचे नूतनीकरण चालू होते तेव्हा तर या संघाला आपले 'घरचे' सामने पुण्याला बालेवाडीत खेळावे लागले. अशा संघाला खालिद यांनी सात हंगाम आय-लीगमध्ये टिकवून ठेवले. विजेतेपद एकही नाही, पण एकदाही खालच्या श्रेणीत घसरण नाही. शाळेच्या भाषेत सांगायचे तर बोर्डात आलेला एकही विद्यार्थी नाही, पण सातही वर्षे वर्गात नापास कोणी नाही. गुणवंतांचे फोटो नाक्यावरच्या बॅनरवर लागतात. काठावरच्या मुलाला हाताला धरून पलीकडे नेणाऱ्या शिक्षकाचा फोटो कोणी लावत नाही. २०१६ मध्ये क्लबाने खालिद यांना निरोप दिला.

पुढे जे घडले ते गोष्टीत वाचले असते तर खरे वाटले नसते. मिझोरममधला ऐजॉल एफसी हा संघ नुकताच आय-लीगमधून खाली घसरला होता. गोव्याच्या क्लबांनी स्पर्धेतून अंग काढून घेतले, त्यामुळे जागा रिकामी झाली आणि ऐजॉलला परत घेण्यात आले. त्यांनी खालिद यांना बोलावले. खालिद यांनी मुंबईचे आशुतोष मेहता आणि जयेश राणे यांना सोबत घेतले. सीरियाचा महमूद अल आमना मधली फळी सांभाळू लागला आणि बाकी संघ बहुतेक मिझोरमच्या मुलांचा होता. एप्रिल २०१७ मध्ये त्यांनी मोहन बागानला १-० असे हरवले. ३० एप्रिलला शिलाँगमध्ये शेवटचा सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि ३७ गुणांसह ऐजॉल विजेता ठरला. मोहन बागानचे गुण होते ३६. ईशान्य भारतातल्या क्लबाने देशाची लीग जिंकण्याची ही पहिलीच वेळ. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन बाहेर पडला आणि पुढे बंदच झाला.

इथे थांबलो तर ही गोष्ट प्रेरणादायी भाषणासारखी होईल. पण जिंकल्यानंतरची वर्षेही सांगितली पाहिजेत. २०१७-१८ मध्ये ईस्ट बंगालने त्यांना नेले. विजेतेपद आले नाही आणि हंगाम संपल्यावर ते बाहेर पडले. २०१९ मध्ये मोहन बागानला गेले, तेही थोड्याच दिवसांसाठी. जानेवारी २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने आपल्या स्पॅनिश प्रशिक्षकाला काढले आणि संघ तात्पुरता खालिद यांच्या हाती दिला. साखळीतला उरलेला एकही सामना न हरता त्यांनी संघ उपांत्य फेरीत नेला. आयएसएलमध्ये भारतीय प्रशिक्षकाला हे पहिल्यांदाच जमले होते. पुढच्या हंगामात त्यांना पूर्णवेळ नेमण्यात आले आणि संघ अकरांत दहावा आला. त्यानंतर बेंगळुरू युनायटेड, मग २०२३ च्या अखेरीस जमशेदपूर. तिथे पुन्हा घडी बसली. २०२४-२५ मध्ये संघ आयएसएलच्या उपांत्य फेरीत आणि सुपर कपच्या अंतिम सामन्यात पोहोचला. २०२३-२४ आणि २०२४-२५ अशी सलग दोन वर्षे महासंघाने त्यांना सर्वोत्तम प्रशिक्षक ठरवले.

भारतीय संघाच्या बाबतीतही तेच. २९ ऑगस्ट २०२५ रोजी ताजिकिस्तानला त्यांच्याच देशात २-१ ने हरवून सुरुवात झाली. सप्टेंबरमध्ये ओमानला पेनल्टींवर हरवून काफा नेशन्स कपमध्ये तिसरा क्रमांक मिळाला. लोकांनी डोक्यावर घेतले. १४ ऑक्टोबरला मडगावमध्ये सिंगापूरकडून १-२ असा पराभव झाला आणि आशिया चषकाची वाट बंद झाली. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशाकडून ०-१ हार. बावीस वर्षांत पहिल्यांदा. चार महिन्यांत डोक्यावर घेणारे हातच बोट दाखवू लागले.

ही सगळी हकिकत मी माझ्या घरात बारकाईने वाचली, याचे कारण माझा थोरला मुलगा. तो एकोणीस वर्षांचा आहे, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेजच्या संघातून खेळत असताना त्याच्या गुडघ्याचे लिगामेंट तुटले. ऑपरेशन झाले, फिजिओथेरपी झाली. चालतो, धावतो, पण ज्या पातळीवर खेळायचे त्याच्या मनात होते तिथे गुडघा साथ देईल याची हमी डॉक्टर देत नाहीत. सुरुवातीचे काही महिने त्याने घरात सामना लावू दिला नाही. कपाटातले बूट बिल्डिंगच्या वॉचमनच्या मुलाला देऊन टाकले.

मग एका ओळखीच्या मुलाने त्याला रविवारी सकाळी टर्फवर लहान मुलांना सांभाळायला बोलावले. तो गेला आणि जातच राहिला. आता सहा ते नऊ वर्षांची चौदा-पंधरा मुले त्याच्याकडे असतात. एकदा नाश्त्याचा डबा द्यायला मी गेले आणि जाळीबाहेर उभी राहून पाहिले. एका मुलाला चेंडू पायाच्या आतल्या बाजूने मारायला जमत नव्हते. माझा मुलगा ओरडला नाही. दुखरा पाय लांब करून त्याच्यासमोर जमिनीवर बसला, त्याचा पाय हातात धरून फिरवून दाखवला आणि म्हणाला, "अब तू मेरेको सिखा." त्या पोराने मोठ्या ऐटीत माझ्या मुलाला शिकवले आणि शिकवता शिकवता त्याला स्वतःला जमले. बी.एड.ला असताना आम्हाला पाठटाचण काढायला, प्रस्तावना कशी करावी, प्रश्न कसा विचारावा हे सारे शिकवले होते. ही युक्ती मला वर्गात उभे राहून कित्येक वर्षांनी सापडली होती.

आता तो म्हणतो, प्रशिक्षकाचा डी लायसन्स करायचा. अठरा पूर्ण झालेल्याला तो करता येतो. पुढे सी, बी, ए आणि सर्वांत वर प्रो. खालिद जमील यांच्याकडे प्रो लायसन्स आहे. माझ्या दृष्टीने ही बी.एड.सारखीच वाट आहे. विषय येणे वेगळे, शिकवता येणे वेगळे, आणि दुसऱ्यासाठी वेगळे शिक्षण घ्यावे लागते.

यांचे म्हणणे निराळे आहे, आणि ते वाऱ्यावर सोडण्यासारखे नाही. "तुझ्या खालिदसाहेबांनी सोळा वर्षांत सात क्लब बदलले," असे ते म्हणतात. "इतक्या मोठ्या माणसाची ही गत, तर आपल्या पोराचे काय? टर्फवर रविवारी मिळतात ते पैसे त्याच्या पेट्रोललाही पुरत नाहीत. उद्या लग्न होईल, घरभाडे असेल." मामू म्हणतात दुकानात बसव, खाला म्हणते सीएच्या क्लासला घाल. मुंबईत एकेकाळी फुटबॉलपटूला कंपनीत नोकरी मिळे. मफतलाल, टाटा, एअर इंडिया, महिंद्रा यांचे संघ होते. महिंद्रा युनायटेडसुद्धा २०१० मध्ये बंद झाला. त्यामुळे यांच्या काळजीला आधार आहे, हे मी मान्य करते.

तरीही दोन माणसांची उदाहरणे मी घरात सांगत असते. पहिले नेदरलँड्सचे मार्को व्हॅन बास्टन. आपल्या काळातला जगातला अव्वल आघाडीवीर. घोट्याच्या दुखण्याने १९९३ नंतर ते मैदानात उतरू शकले नाहीत आणि १९९५ मध्ये, तिशीतच, निवृत्त झाले. पुढे २००४ ते २००८ ते आपल्या देशाच्या संघाचे प्रशिक्षक होते. पण २०१४ मध्ये एझेड या क्लबात मुख्य प्रशिक्षकपदाचा ताण सोसवत नाही म्हणून त्यांनी ते पद सोडले आणि तिथेच सहायक म्हणून काम पत्करले. उत्तम खेळणाऱ्याला शिकवण्याचे ओझे पेलेलच असे नाही, आणि पेलत नसेल तर तसे सांगण्यात कमीपणा नाही.

दुसरे आपले हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. 'मैदान' चित्रपटामुळे आता घराघरांत माहीत झालेले. ते स्वतः फुटबॉल खेळले होते, पण पेशाने शाळामास्तर. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० पासून सलग पाच वर्षे आपल्या कुपरेजवर रोव्हर्स कप जिंकला. त्यांच्या हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळवले आणि १९५६ च्या ऑलिम्पिकमध्ये चौथा क्रमांक. १९६२ मध्ये ते कॅन्सरने आजारी होते, पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. शाळामास्तर असणे त्यांच्या कामाच्या आड आले नाही. मला तर वाटते, तेच त्यांच्या कामी आले.

आमच्या घरात तूर्त ठरले आहे ते इतकेच. बी.कॉम. पूर्ण करायचे, त्यात सूट नाही. डी लायसन्सचा फॉर्म भरायचा, फी मी भरणार. दोन वर्षांनी पुन्हा सगळ्यांनी बसून बोलायचे, आणि तेव्हा यांचे म्हणणे खरे ठरले असेल तर मुलाने ऐकायचे. पोटापाण्याचा विचार हा आवडीचा शत्रू नव्हे. दोन्ही एका ताटात बसवता येतात का, हे पाहायला वेळ मात्र द्यावा लागतो. खालिद यांना पहिले विजेतेपद मिळायला प्रशिक्षक म्हणून आठवा हंगाम लागला होता.

पालकसभेत "खेळून पुढे काय?" असे कोणी विचारले की हल्ली मीच उलट विचारते, "तुमचा मुलगा धाकट्या भावाला काही शिकवतो का हो? शिकवताना चिडतो की पुन्हा सांगतो?" प्रश्न ऐकून पालक गोंधळतात. पण ज्याचे उत्तर "पुन्हा सांगतो" असे येते, त्या मुलाचा गुडघा तुटला, नोकरी गेली किंवा संघातून नाव कटले, तरी करण्यासारखे काहीतरी त्याच्या हातात उरते. खालिद जमील यांचा भारतीय संघ पुढचा सामना जिंकेल की हरेल, हे अल्लाहच जाणे. येत्या रविवारी सात वाजता टर्फवर पंधरा मुले येणार आहेत, आणि त्यांच्यासाठी माझ्या मुलाने वहीत पाठटाचण काढून ठेवले आहे. मी न सांगता.