आधी नक्कल, मग दुरुस्ती

आमच्या घरच्या संगणकात माणसांचे आवाज होते. सूरजागडच्या डोंगरावर जानेवारीत ठाकूरदेवाची जत्रा भरते. इलाख्यातल्या ७० गावांची माणसं तिथे जमतात. त्या जत्रेत आणि नंतर एटापल्ली तालुक्यात फिरताना म्हाताऱ्या बायकांनी म्हटलेली रेला गाणी, कुळांच्या गोष्टी, झाडांची आणि पाखरांची माडिया नावं मी फोनवर ध्वनिमुद्रित करून घेई आणि घरी आलो की संगणकात उतरवी. महाराष्ट्रात केंद्र सरकारने विशेष असुरक्षित म्हणून नोंदवलेले तीन आदिवासी समाज आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. माडिया भाषेत बोलणारे पुष्कळ आहेत, छापलेलं मात्र फार थोडं. त्यामुळे हे आवाज साठवणं मला महत्त्वाचं वाटत होतं आणि आजही वाटतं. पण फोन भरला की मी फोनमधलं पुसून टाकत असे. म्हणजे संगणकातली प्रत हीच एकुलती एक प्रत. ही पहिली चूक, आणि ती संगणक मंद होण्याच्या कितीतरी आधीची.

संगणक साधा, टेबलावरचा. ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ ची देखभाल १४ जानेवारी २०२० रोजी थांबवली, त्यानंतर मी त्यावर विंडोज १० चढवलं. पुढे हळूहळू तो रेंगाळू लागला. बटण दाबून चहा ठेवावा, चहा पिऊन व्हावा, तरी पडद्यावरचं चक्र फिरतच. चंद्रपूरची मोठी दुकानं शंभरावर किलोमीटर दूर, आणि पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की रस्ताच बंद. घरीच दुरुस्त करायचं ठरवलं. तो निर्णय चुकीचा होता असं मला अजूनही वाटत नाही. चुकला तो क्रम.

सुरुवात केली फुकट मिळणाऱ्या ‘सफाई’ प्रोग्रामांपासून. एकाने रजिस्ट्रीत शेकडो चुका असल्याचं लाल अक्षरांत दाखवलं आणि मी विश्वास ठेवला. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सगळ्या मांडणीची नोंदवही. तिच्यातल्या जुन्या नोंदी पुसून वेग वाढत नाही, चुकीची नोंद पुसली गेली तर मात्र चालतं काम बंद पडतं. माझं प्रिंटरचं काम असंच बंद पडलं. मग व्हायरसची शंका आली, कारण पेनड्राइव्ह सगळ्यांचे लागत. आधीच्या अँटीव्हायरसच्या जोडीला मी दुसरा बसवला. दोघंही प्रत्येक फाइल उघडताना ती तपासायला धावू लागले आणि संगणक आणखी अडला. विंडोज १० मध्ये डिफेंडर मुळातच असतो, घरच्या वापराला तो पुरतो. हे तेव्हा मी कुणाला विचारलं नाही.

मग धूळ. आमच्याकडे रस्त्यावरून लोहखनिजाचे ट्रक जातात, उन्हाळ्यात घरातल्या प्रत्येक वस्तूवर तांबडा थर बसतो. कॅबिनेट उघडल्यावर प्रोसेसरवरच्या पंख्याखालच्या पट्ट्या त्या थराने बुजलेल्या दिसल्या. पट्ट्यांमधून हवा जात नसेल तर प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतो. निदान बरोबर होतं, उपाय चुकला. मी कॅबिनेट उचलून पंक्चरच्या दुकानात नेलं आणि कॉम्प्रेसरची हवा मारून घेतली. त्या टाकीत पाणी साचलेलं असतं, हवेबरोबर त्याचे तुषारही येतात. शिवाय मोकळा पंखा त्या झोताने भलत्या वेगाने गरगरला आणि तेव्हापासून घरघर करू लागला. शेवटी तो बदलावा लागला. कोरडा मऊ ब्रश, पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवणं, आणि प्रोसेसरवरचा वाळलेला थर्मल पेस्टचा लेप पुसून नवा लावणं, एवढंच करायला हवं होतं. नंतर ते केलंही.

पण धूळ निघाल्यावर दुपारच्या वेळी संगणक थोडा हलका चालू लागला, आणि या अर्ध्या यशाने माझं सगळ्यात जास्त नुकसान केलं. दुखणं सापडलं असं वाटून मी पुढे बघायचंच सोडून दिलं. फरक टिकला नाही तेव्हा रॅम कमी पडत असेल म्हणून एक पट्टी मागवली. ती डीडीआर४ निघाली. माझ्या संगणकाला डीडीआर३ लागते, दोघींची खाच वेगळ्या जागी असते. पट्टी परत पाठवली.

या सगळ्या काळात डिस्क आपली अवस्था उघड सांगत होती. बाकी सारं चालायचं, पण जत्रेच्या आवाजांचा फोल्डर उघडला की पडदा गोठायचा. मधूनच टक् टक् असा बारीक आवाज यायचा. वीज गेली की संगणक तसाच बंद पडायचा, कारण यूपीएसची बॅटरी कधीच संपली होती आणि मी ती बदलली नव्हती. मी या तीन गोष्टी एकमेकींना जोडून पाहिल्या नाहीत.

फिरत्या डिस्कमध्ये चकत्या असतात, टेबलावरच्या संगणकांत बहुधा त्या मिनिटाला ७२०० फेरे घेतात, आणि त्यांच्यावरून केसाहूनही कमी अंतर राखून वाचणारी सुई सरकते. चकतीचा एखादा तुकडा खराब झाला की डिस्क तो लगेच सोडून देत नाही. पुन्हा वाचते, परत वाचते, कधी कित्येक सेकंद त्याच जागी अडते. तेवढा वेळ विंडोज वाट पाहत राहतं. आपल्याला ते संगणक मंद झाल्यासारखं दिसतं. अशा डिस्कला हवी असते विश्रांती, आणि त्याआधी आतला मजकूर बाहेर.

मी तिला उलट कामाला जुंपलं. आधी डीफ्रॅगमेंट लावलं, म्हणजे विखुरलेले तुकडे उचलून एका जागी लावायचं काम. पुरं होत नाही म्हणून रात्री संपूर्ण डिस्कची तपासणी लावून झोपलो, खराब जागा शोधून त्यातलं वाचता येईल ते परत मिळवणारी. ती डिस्कचा कण न् कण वाचते. ज्या जागी सुई अडखळत होती तिथेच मी तिला रात्रभर घासायला लावलं. पहाटे पाऊस आला, वीज गेली. सकाळी संगणकाने डिस्क ओळखलीच नाही.

तेव्हा कुठे मी नागपूरला शिकणाऱ्या भाच्याला फोन केला.

“मामाजी, टास्क मॅनेजर पाह्यला होता का? डिस्क १०० टक्के दाखवत होती काय?”

“पाहिलाच नाही.”

“अन् कॉपी?”

मी गप्प राहिलो. तो रागावला नाही. “आता काहीच करू नका,” म्हणाला. “चालू करू नका, उघडू तर बिलकूल नका. मी येतो.”

डिस्क फ्रीजमध्ये ठेवली की चालते असं शेजारी कुणी सांगितलं होतं. भाच्याने तेही करू दिलं नाही, कारण आत ओल धरते. त्याने पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं आणि डीडीरेस्क्यू नावाचा फुकट प्रोग्राम लावला. तो सहज वाचता येणारा भाग आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतो आणि अवघड जागांकडे नंतर वळतो. माझ्या कामाच्या नेमका उलटा क्रम. सुदैवाने डिस्क अधूनमधून ओळखली जात होती. कागदपत्रं आली, घरचे फोटो बरेचसे आले. जत्रेच्या फोल्डरमधल्या फाइलींपैकी पुष्कळ अर्धवट आल्या: गाणं सुरू होतं आणि मध्येच तुटतं. काही आल्याच नाहीत. ज्यांनी ती गाणी म्हटली होती त्यांतल्या दोघी आता नाहीत. बाकीच्यांकडे मी पुन्हा गेलो, खरं काय झालं ते सांगितलं, आणि त्यांनी पुन्हा म्हणून दाखवलं. पण आजी गातात ते दर वेळी तसंच्या तसं नसतं. हरवलेलं भरून निघालं असं मी म्हणणार नाही.

संगणक मात्र सुधारला, आणि तो खरंच घरी सुधारता आला. जुन्या डिस्कच्या जागी २४० जीबीची एसएसडी बसवली. स्क्रू काढायचे, दोन केबल काढून नव्या डिस्कला लावायच्या, एवढंच. एसएसडीत फिरणारं काही नसतं, म्हणून हजारो बारीक फाइली ती सुईवाल्या डिस्कच्या कितीतरी पट वेगाने वाचते. तिच्यावर डीफ्रॅगमेंट करायचं नाही, हेही भाच्याने बजावलं. डीडीआर३ ची बरोबर पट्टी घातली. एक अँटीव्हायरस काढला, मग दुसराही. संगणक सुरू होताना आपोआप चालू होणारे प्रोग्राम टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीतून बंद केले. यूपीएसला नवी बॅटरी घातली. आता पडदा अर्ध्या मिनिटात तयार होतो. म्हणजे मुळात लागणारा खर्च एका डिस्कचा, एका पट्टीचा आणि एका बॅटरीचा होता.

तुम्हीही घरीच बघणार असाल तर जरूर बघा, पण हात घालण्याआधी मोजा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबले की टास्क मॅनेजर उघडतो. प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांपैकी कोण भरलंय ते तिथे लगेच दिसतं. डिस्क १०० टक्के आणि त्याच वेळी वाचण्याचा वेग काही केबी, असं सतत दिसलं तर थांबा. क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्राम डिस्कने स्वतःच केलेल्या नोंदी वाचून दाखवतो. त्यात वाचता न आलेल्या किंवा बदलून घेतलेल्या सेक्टरांचा आकडा शून्यावर नसेल आणि वाढत असेल, तर ती डिस्क जाणार आहे असं धरून चाला. तापत असेल तर धूळ काढा. मेमरी भरत असेल तर मदरबोर्डचं पुस्तक पाहून मगच पट्टी मागवा. विंडोज १० ची सर्वसाधारण देखभालही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आहे, तेव्हा जुन्या यंत्रावर पुढे काय चालवायचं याचाही विचार त्याच बैठकीत होऊ द्या.

आणि हे सगळं नंतर. तुमच्या संगणकात आईचा आवाज असेल, बाबांनी लिहिलेली वही असेल, गावाची गाणी असतील, तर आज रात्री दुसरी डिस्क जोडा आणि ते तिच्यावर उतरवून घ्या. एक प्रत घरात ठेवा, एक दुसऱ्या गावातल्या नातलगाकडे द्या. दुरुस्ती उद्या करा.