मुक्काम परतवाडा

अमरावतीहून मेळघाटात तुम्ही कधी गेला असाल, तर परतवाड्याला एस.टी. थांबल्याचे तुम्हांला आठवत असेल. चालक-वाहक चहाला उतरतात, प्रवासी पाय मोकळे करतात, आणि उत्तरेला गाविलगडच्या डोंगररांगेची निळी भिंत दिसते. बहुतेकांच्या लेखी हा काही मिनिटांचा थांबा. आमच्या घराच्या लेखी मात्र तो वर्षातील सर्वांत महत्त्वाचा मुक्काम होता.

वडील प्राथमिक शिक्षक. १९७९ पासून सहा वर्षे ते सेमाडोहच्या पुढे, सिपना नदीपलीकडील एका कोरकू वस्तीच्या शाळेवर होते. उन्हाळ्याची सुटी आम्ही अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूरला आजोळी काढीत असू. मृगाचे ढग दिसू लागले की आजोबा आम्हांला ‘शकुंतला’ गाडीत बसवून देत. मूर्तिजापूर ते अचलपूर हे ७६ किलोमीटरचे अंतर ती अरुंद रुळांची गाडी इतक्या सावकाश कापी, की आईची यादी वाटेतच लिहून पुरी होई. अचलपूरहून टांग्याने परतवाडा, ओळखीच्या घरी दोन रात्री, मधल्या दिवशी खरेदी, आणि तिसऱ्या दिवशी सकाळची सेमाडोहची गाडी. तेथून पुढे बंडी.

सिपनेला पूर आला की आमची वाट बंद होई. कधी चार दिवस, कधी पंधरवडा. म्हणून आषाढ लागल्यापासून पोळ्यापर्यंतचे सारे परतवाड्यातच घ्यावे लागे.

डोंगर चढण्यापूर्वी येथे थांबणारे आम्ही काही पहिले नव्हतो. अकोल्याकडील अडगावची लढाई संपवून आर्थर वेलस्ली गाविलगडावर चालून गेला, तो १८०३ च्या डिसेंबरात आधी एलिचपुरात, म्हणजे आजच्या अचलपुरात थांबला आणि जखमींसाठी तेथे रुग्णालय मांडून मगच पुढे निघाला. वडील ही गोष्ट दरवर्षी टांग्यात सांगत. आई दरवर्षी विचारी, “त्याच्या फौजेचं मीठ कोण मोजत होतं?”

तिचा प्रश्न वाटतो तेवढा गमतीचा नव्हता. मीठ ती स्वतः मोजून घेई, तेही खडेमीठ. बारीक मिठाला श्रावणात पाणी सुटते. ज्वारीचे कट्टे, एरंडेल चोळलेली तुरीची डाळ, फल्लीतेलाचा डबा, गुळाच्या भेल्या, रॉकेल, विजेरीचे सेल, तापाच्या गोळ्या. काडेपेट्या ती ज्वारीच्या पिंपात खोल पुरून ठेवी. तेथे त्या सादळत नसत. त्यामुळे भर पावसाळ्यात आमच्याकडे चूल पेटवायची म्हणजे आधी धान्यात कोपरापर्यंत हात घालावा लागे. आजोळच्या मुंगवड्या आणि सरगुंड्या वेगळ्या गाठोड्यात येत. भाजीची चिंता नव्हती. पहिल्या पावसानंतर कोणती रानभाजी खावी आणि कोणती खाऊ नये, हे शेजारच्या कोरकू बायांनी आईला पहिल्याच वर्षी शिकवले होते.

पुढे कितीतरी वर्षांनी नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांच्याविषयी वाचले. २००९-१० मध्ये त्यांनी ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. वाटेत ते फक्त चार बंदरांत थांबले : फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाऊन. लिटल्टन सोडल्यावर केप हॉर्नला वळसा घालून पोर्ट स्टॅन्ली येईपर्यंत त्यांना कुठेही थांबायचे नव्हते. ते वाचताना मला परतवाड्याचे किराणा दुकान आठवले, यात नवल नाही. पण लगेच एक फरकही जाणवला. भर समुद्रातल्या नौकेला शेजार नसतो. खलाशी आपल्या पोटापुरते मोजतो आणि ते मोजणे तेथेच संपते.

१९८२ च्या जूनमध्ये वडिलांचा दोन महिन्यांचा पगार रखडलेला होता. दुकानदार मारवाडी, पण बोली अस्सल वऱ्हाडी. “पैशाचं कायले मनावर घेता बाई? पोळ्यानंतर द्या ना,” तो म्हणाला. आईला उधारीचा संकोच होता. तिने यादीतून बरेच काही खोडले आणि ज्वारीचे दोन कट्टे होते तेथे एक केला.

त्या वर्षी श्रावणात झड लागली. कोरकू घरांतील जुने धान्य नेहमीप्रमाणे संपत आले होते आणि शेतातली कुटकी-मका हाती यायला अवकाश होता. एका संध्याकाळी शेजारीण सूप घेऊन दारात उभी राहिली. तिने पायलीभर ज्वारी मागितली. आई पिंपापाशी गेली. तिने आत हात घालून खोली पाहिली, आमच्या तोंडांकडे पाहिले, आणि सुपात दोन शेर घातली. म्हणजे मागितल्याच्या निम्मी. शेजारीण काही बोलली नाही. पुन्हा ती आली नाही.

तिची धाकटी मुलगी दीड-दोन वर्षांची होती. आधी हगवण, मग ताप. आमच्याजवळच्या गोळ्या देऊन झाल्या. वडील आणि मुलीचा बाप तिला घोंगडीत गुंडाळून सेमाडोहकडे निघाले. सिपना दुथडी वाहत होती. दोघे दिवसभर काठावर बसून राहिले आणि रात्री तिला तसेच परत घेऊन आले.

पोळ्याच्या आधी पाणी ओसरले. आईने पिंप रिकामे केले तेव्हा तळाशी पाच पायल्या ज्वारी निघाली.

ज्वारीने ती मुलगी वाचली असती असे मी तुम्हांला सांगू शकणार नाही. १९९३ साली मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्या देशभर छापून आल्या, तेव्हा आम्ही अमरावतीत राहत होतो. कुपोषण, हिवताप, न्यूमोनिया, दवाखान्यांची दूरता अशी कारणांची चर्चा रोज होत होती आणि ती सारी खरीच होती. वडील बातम्या मोठ्याने वाचीत. आईने एकदाच मध्ये विचारले, “किती पायल्या निघाल्या होत्या त्या साली?” वडिलांनी उत्तर दिले नाही. आकडा तिला माहीत होता.

१९८३ च्या जूनमध्ये मात्र आम्ही पुन्हा परतवाड्यात होतो. पगार वेळेवर झाला होता, मागची उधारी फिटली होती. दुकानदाराने यादी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि पहिल्याच ओळीवर थांबला. ज्वारी, तीन कट्टे.

“घरात माणसं वाढले का बाई?” त्याने विचारले.

“वाढली,” आई म्हणाली आणि मीठ मोजायला पुढे झाली.