पालथी बशी

आज पुन्हा ती बशी पालथी धरून दिव्याखाली बसले. तळाशी पानांची हिरवी माळ, मध्ये इंग्रजी ‘एम’, खाली ‘निप्पॉन’. ‘एम’ म्हणजे मोरिमुरा बंधू. याच बंधूंनी १९०४ साली नागोयाजवळच्या नोरिताके गावात कारखाना काढला. ‘निप्पॉन’ ही तर जवळजवळ तारीखच! अमेरिकेच्या जकात कायद्यामुळे १८९१ पासून मालावर देशाचं नाव घालणं भाग पडलं, आणि १९२१ मध्ये त्या जागी ‘जपान’ आलं. म्हणजे बशी शंभरीपार.

नागोयातच सैन्याचं शस्त्रागारही होतं. तिथल्या अरिसाका रायफलींवर वर्तुळात दोन मासे कोरलेले असत; नागोया किल्ल्याच्या छपरावरच्या सोनेरी माशांची ती आठवण. वर सोळा पाकळ्यांची शेवंती, सम्राटाची खूण. १९४५ च्या शरणागतीनंतर असंख्य रायफलींवरचं हे फूल घासून काढलं गेलं. त्या ओरखड्यांचे फोटो मी पाहत राहते. खूण पुसली तरी पुसल्याची खूण राहतेच, आणि संग्राहक तीही वाचतात.

पण मन अडकतं ते दुसऱ्याच खुणेपाशी. युद्धानंतर नोरिताकेच्या त्या कारखान्यातल्या कारागिरांना पूर्वीचा दर्जा साधेना. तेव्हा त्यांनी काही काळ कारखान्याचं नाव मालावर घातलंच नाही. गुलाबाचं चित्र आणि ‘रोज चायना’ एवढंच छापलं. उपाशी, जळलेल्या शहरात हे सुचावं! तशी एक बशी मला हवी आहे. नक्षी कशीही असो.