ए.सी. लावला की गाडी का थरथरते?

मैत्रिणींनो, विहिरीवरची मोटार सुरू झाली की घरातला दिवा क्षणभर मंद होतो, हे तुम्ही कितीदा तरी पाहिलं असेल. म्हणून कुणी लगेच बल्ब बदलायला धावत नाही. ओझं वाढलं, दाब कमी पडला, एवढं आपल्याला कुणी न शिकवताच कळतं. गाडीचंही अगदी तसंच आहे. उभ्या गाडीत ए.सी.चं बटण दाबलं की इंजिनावर नवं ओझं पडतं. ते त्याला पेललं नाही, की गाडी थरथरू लागते, स्टिअरिंग हातात नाचतं आणि कधीकधी इंजिन चक्क बंद पडतं.

तुम्ही म्हणाल, मग ए.सी. लावूच नये, काच खाली करावी! पुण्या-मुंबईच्या भगिनींना ते जमेल. आमच्या औंढा नागनाथला वैशाखात पारा बेचाळिसाच्या वर जातो, तेव्हा उघड्या काचेतून वारा येत नाही, झळा येतात. त्यात गाडीत म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल असेल, तर ए.सी. ही चैन राहत नाही.

आधी आत काय घडतं ते पाहू. इंजिनाला एक पट्टा असतो, आणि हा पट्टा ए.सी.चा कॉम्प्रेसर फिरवतो. बटण दाबल्यावर पुढून ‘टक्’ असा आवाज येतो ना, तो कॉम्प्रेसरचा क्लच बसल्याचा. त्या क्षणापासून इंजिनाला दोन-चार अश्वशक्तीचं जास्तीचं काम लागतं. गाडी धावत असताना हे ओझं जाणवत नाही, कारण तेव्हा इंजिनाकडे ताकद भरपूर असते. पण गाडी उभी असते तेव्हा इंजिन नुसतं जिवंत राहण्यापुरतं फिरत असतं. छोट्या पेट्रोल गाडीत मिनिटाला साधारण सातशे ते नऊशे फेरे. म्हणून आजच्या गाड्यांतला संगणक ए.सी. लागताच इंजिनाला थोडी जास्त हवा आणि इंधन देतो, आणि फेरे टिकवून धरतो. पूर्वीच्या कार्बोरेटरच्या गाड्यांत हेच काम करणारी वेगळी जोडणी असे आणि मेकॅनिक तिचा स्क्रू हातानं जुळवत. शेगडीवर मोठं पातेलं चढवलं की आपण आच वाढवतो, त्यातलाच हा प्रकार.

तेव्हा थरथर झाली, तर प्रश्न दोनच. आच वाढत नाही, की पातेलंच वाजवीपेक्षा जड झालंय?

हे मी एवढ्या बारकाईनं का शिकले, तेही सांगते. माझ्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, हृदयाच्या दुखणेकरी. दर महिन्याला तपासणीसाठी त्यांना वसमतवरून नांदेडला न्यावं लागतं. यजमान नोकरीनिमित्त बाहेरगावी, त्यामुळे गाडी चालवायची मीच. ‘उन्हाची झळ लागू देऊ नका,’ असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि गेल्या उन्हाळ्यात नेमकी आमची गाडी अशी वागू लागली, की चौकात थांबलं की धडधड सुरू. इंजिन बंद पडू नये म्हणून ए.सी. बंद करावा, तर मागे सासूबाईंचा चेहरा लालबुंद होऊन त्यांना धाप लागे. त्या बिचाऱ्या म्हणायच्या, “राहू दे गं, मला सवय आहे उन्हाची.” पण त्यांचा हात सीटची कड घट्ट धरून असे, तो मला आरशात दिसायचा.

एका गॅरेजमध्ये दाखवली. बॉनेट उघडून, दोन मिनिटं पाहून निकाल मिळाला : “कॉम्प्रेसर गेला. अठ्ठावीस हजार होतील. साहेबांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो.” आता अठ्ठावीस हजार म्हणजे आमच्या घरी लेकीच्या वसतिगृहाची फी! आणि साहेबांना गाडीतलं माझ्याइतकंही कळत नाही, हा भाग वेगळाच. मी “विचार करून सांगते” म्हटलं आणि गाडी घरी आणली.

मग मी केलं ते इतकंच. घरात कुणाला ताप आला की आपण वेळा आणि आकडे लिहून ठेवतो ना, तशी चार दिवस गाडीची वही ठेवली. उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून, मोकळ्या अंगणात. ए.सी. नसताना आर.पी.एम.चा काटा आठशेवर. ए.सी. लावला की पाचशेपर्यंत खाली, आणि थरथर. चालत्या गाडीत काही नाही. आणि आणखी एक : पाच मिनिटं उभं राहिलं की हवा गार यायची ती कोमट यायला लागते, गाडी पळाली की पुन्हा गार.

ही वही घेऊन मी दुसऱ्या गॅरेजमध्ये गेले. तिथल्या मुलानं ती नीट वाचली, यंत्र लावून तपासलं, आणि तीन गोष्टी निघाल्या. इंजिनात हवा जाते तो दरवाजा, म्हणजे थ्रॉटल बॉडी, काजळीनं चिकटला होता. प्लग झिजले होते. आणि पुढच्या कंडेन्सरची जाळी कापसाच्या तंतूंनी, सोयाबीनच्या मळणीच्या भुशानं आणि धुळीनं गच्च भरली होती. आमच्या भागातल्या रस्त्यांवर दुसरं काय भरणार! सफाई आणि नवे प्लग मिळून खर्च आला अठराशे पन्नास रुपये. कॉम्प्रेसर तोच आहे आणि ठणठणीत आहे.

आता तुमच्यासाठी खुणा सांगते, त्या लिहूनच ठेवा.

ए.सी. लावल्यावर काटा खाली घसरतो आणि गाडी थरथरते, तर इंजिन ओझं सांभाळत नाही. आधी एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडी, प्लग आणि कॉइल बघायला सांगा. हवेची एखादी रबरी नळी तडकली असली तरी असं होतं. थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर काही गाड्यांत संगणकाला नवी सवय लावून द्यावी लागते. ते न केल्यास एक-दोन दिवस काटा वरखाली होतो. घाबरू नका, पण विचारा.

काटा जागेवर स्थिर आहे, तरीही स्टिअरिंग आणि सीट हादरते, तर दोष बहुधा इंजिन माउंटिंगचा. इंजिन ज्या रबरी ठोकळ्यांवर टेकलेलं असतं, ते चिरतात किंवा बसतात. अशा वेळी प्लग बदलून काही उपयोग नाही. एवढं मात्र ध्यानात घ्या, की तीन सिलिंडरचं इंजिन चार सिलिंडरपेक्षा मुळातच थोडं जास्त थरथरतं. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० पासून आपल्या कितीतरी छोट्या गाड्या तीन सिलिंडरच्याच. थरथर नेहमीचीच आहे की नव्यानं वाढली आहे, हे रोज चालवणारीलाच कळतं.

उभ्या गाडीत हवा कोमट, चालत्या गाडीत गार, तर कंडेन्सर आणि त्याचा पंखा बघा. जाळीतून वारा गेला नाही की आतला दाब वाढतो आणि कॉम्प्रेसर फिरवणं जड जातं. हेच ते वाजवीपेक्षा जड झालेलं पातेलं. जाळी साध्या पाण्याच्या हलक्या धारेनं धुतात. जोराचा फवारा मारला तर तिच्या नाजूक पात्या वाकतात.

कर्कश किंचाळल्यासारखा आवाज आला, तर पट्टा ढिला किंवा जुना. खरखर घरघर आली, तर मात्र पुलीचं बेअरिंग किंवा कॉम्प्रेसर. तेव्हा तो खर्च टळत नाही.

गॅसबद्दलही दोन शब्द. दर उन्हाळ्यात ‘गॅस भरून घ्या’ म्हणणारे भेटतात. ए.सी.चा गॅस सिलिंडरसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. फार कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, ती आधी शोधायला हवी. आणि जास्त भरला, तर दाब वाढून गाडी उलट अधिकच थरथरते. किती ग्रॅम भरायचा, ते बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. काट्यावर मोजूनच भरून घ्या.

ओझं कमी करणं आपल्याही हातात असतं. गाडी सावलीत लावा. निघताना दोन मिनिटं चारही काचा उघडून आतली तापलेली हवा बाहेर जाऊ द्या, मगच ए.सी. लावा. गारवा आल्यावर आतलीच हवा फिरवण्याचं बटण दाबा.

सावधगिरी मात्र सोडू नका. इंजिन चालू असताना बॉनेटवर वाकायचं असेल तर पदर खोचा, ओढणी बांधा, वेणी मागे टाका. पट्टा फिरत असतो आणि पंखा न सांगता सुरू होतो. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. आणि बंद शेडमध्ये इंजिन व ए.सी. चालू ठेवून कधीही बसू नका. धुरातला विषारी वायू वासानं कळत नाही.

आमच्या औंढ्याला नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरलं, अशी कथा सांगतात. नंदी अजून मागच्याच बाजूला आहे. पण गाडी काही भक्तीनं फिरत नाही, तिला लक्षच द्यावं लागतं. आमच्याच तालुक्यात लायगो-इंडिया ही वेधशाळा व्हायची आहे. तिच्यासाठी केंद्र सरकारनं २०२३ साली २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्यांतून ती विश्वातली अशी थरथर टिपणार आहे, जी अणूच्या केंद्राहूनही सूक्ष्म! जिथे आकाशातली थरथर मोजायची तयारी चालली आहे, तिथल्या बाईनं दारातल्या गाडीची थरथर मोजली, तर त्यात नवल ते काय?

तेव्हा पुढच्या वेळी कुणी म्हणालं, “साहेबांना पाठवा,” तर वही पुढे करा आणि शांतपणे सांगा, “गाडी मी चालवते. काटा किती खाली येतो, ते मीच सांगते.”